बोटीवरच्या बोटाला शाई कधी लागणार?

माननीय केंद्रीय कायदा व न्याय मंत्री यांस,

सादर नमस्कार.

मी गोव्याचा, साखळी मतदारसंघातला मतदार. मालवाहू बोटीवर चीफ कूक आहे. आमच्यासारख्यांना गोव्यात तारवटी म्हणतात. पुढच्या महिन्यात साइन-ऑन, म्हणजे बोटीवर रुजू व्हायचं आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहून टाकतोय. एकदा बोटीवर चढलं की लिहायला सवड मिळते ती रात्री अकरानंतर, आणि तेव्हा डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याच्या अंड्यांचा हिशेब चालू असतो.

मागणी आधीच सांगतो, म्हणजे आपल्या कचेरीतल्या कुणाला शेवटचं पान शोधत बसायला नको. मतदानाच्या दिवशी मी समुद्रात असेन तर माझं मत समुद्रातून घ्या. एवढंच.

मी काही हौसेने समुद्रावर गेलो नाही. आधी मांडवीवरच्या खनिजाच्या बार्जवर भंडारी होतो. (भंडारी म्हणजे बार्जवर रांधणारा, गोव्यात हा शब्द काढला की लोक आधी जात विचारतात, म्हणून खुलासा.) खाणीवरचा माल धक्क्यावर यायचा, बार्जमध्ये भरायचा, मुरगावला मोठ्या बोटीत चढायचा. संध्याकाळची भरती गाठली की सकाळी परत. रात्री नाहीतर सकाळी घरचं जेवण मिळायचंच. ३ मार्च २०१२ रोजी विधानसभेला मत दिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. बेकायदा खाणकाम झालं होतं हे मी नाकारत नाही. डोंगर कसे खाल्ले गेले ते आम्ही रोज बघत होतो. पण बार्ज धक्क्याला लागले ते लागलेच. ट्रकवाले, गॅरेजवाले, बार्जवाले, सगळ्यांचं एकदम बसलं. आमच्या भागातली पोरं कुणी आखातात गेली, कुणी क्रूझवर, आणि मी कागदपत्रं करून, कोर्स करून २०१३ साली मेसमन (जेवणघरातला मदतनीस) म्हणून परदेशी झेंड्याच्या बोटीवर चढलो.

त्यानंतर २०१७ ची विधानसभा, २०२२ ची विधानसभा, २०२४ ची लोकसभा अशा सगळ्या निवडणुका पाण्यावर गेल्या. फक्त २०१९ च्या एप्रिलात योगायोगाने घरी होतो, तेव्हा लोकसभेला मत दिलं. खाणी पुन्हा सुरू कराव्यात की नाहीत, कशा कराव्यात, हा आमच्याकडचा प्रत्येक निवडणुकीतला प्रश्न. ज्यांच्या पोटावर तो आला तेच मतदान केंद्रापासून हजारो मैल लांब.

एका मताने काय होतंय, असं कुणी म्हणेल. तसं म्हणणाऱ्याने गोव्यात राहून बघावं. आमचे ४० मतदारसंघ इतके लहान की उमेदवार घराघरात नावाने ओळखतो. २०२२ साली साखळीतून मुख्यमंत्री निवडून आले ते ६६६ मतांनी. सांतआंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. ७६ म्हणजे तीन मालवाहू बोटींवरची माणसं, क्रूझ असेल तर एका गॅलीतलीही (गॅली म्हणजे बोटीवरचं स्वयंपाकघर) भरणार नाहीत. निकालाच्या दिवशी व्हॉट्सअॅपवर आकडे येत होते आणि मी बटाटे सोलत होतो.

आता कायद्याचं बोलतो. चूक झाली तर सांभाळून घ्या, मी वकील नाही.

परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालण्याचा हक्क संसदेने २०१० साली कायदा दुरुस्त करून दिला. २०११ च्या फेब्रुवारीत तो अमलात आला. फॉर्म ६-अ भरायचा, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. मतदानाला मात्र स्वतः यायचं, मूळ पासपोर्ट घेऊन. माझा मेव्हणा मस्कतला आहे. त्याने हिशेब केला: विमानाचं तिकीट, बिनपगारी चार दिवस, आणि मालकाने रजा दिली तर. तो म्हणाला, ‘दाजी, पंगतीचं बोलावणं आलंय, पण ताट घरीच ठेवलंय.’ २०२४ च्या लोकसभेला देशभरात सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष मत दिलं २,९५८ जणांनी, आणि त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. केरळात आखातातून मतदारांनी विमानं भरून आणायची पद्धत आहे. छान आहे, पण मतदाराला केंद्रापर्यंत आणायचा खर्च जो करतो त्याचं मिंधेपण मतदाराच्या मागे लागतं, हे सांगायला मी कशाला हवा.

तारवट्याचं तर याहून विचित्र. मी परदेशात राहत नाही. मी कुठल्याच देशात राहत नाही, पाण्यावर राहतो, आणि आठ-नऊ महिन्यांनी घरी येतो. कायदा म्हणतो, तात्पुरता बाहेर गेलेला माणूस घरचा रहिवासी असणं सुटत नाही. म्हणून माझं नाव साध्या यादीत आहे. ते टिकवायचं काम मात्र बायकोचं. ४ नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यात मतदार यादीची विशेष फेरतपासणी सुरू झाली तेव्हा मी बोटीवर होतो. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बाई, घरी आल्या. गावातल्याच, चांगल्या बाई. त्यांनी विचारलं, ‘हे कायमचे गेलेत की येतात?’ बायको म्हणाली, ‘चतुर्थीला नसतात, शिगम्याला असतात, कधी उलटं.’ घरातल्या माणसाला सही करता येते म्हणून तिने सही केली. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत ही माणसं याद्यांच्या कामात एकाच रांगेत बसवतात, हे मला तिने फोनवर सांगितलं. हसत सांगितलं, पण दोनदा सांगितलं.

आता ज्याच्यावरून हे पत्र डोक्यात आलं ते सांगतो. २०१६ च्या एप्रिलात आमची बोट सिंगापूरला लागली. माझ्या गॅलीतला सेकंड कूक आणि डेकवरचे तिघे, सगळे फिलिपिनो, शोअर लीव्ह, म्हणजे बंदरात उतरायची सुट्टी, घेऊन निघाले. मला वाटलं खरेदीला. ते गेले त्यांच्या वकिलातीत, राष्ट्राध्यक्षाला मत द्यायला. निवडणूक मेमध्ये होती, पण परदेशातल्यांना महिनाभर आधीपासून मत देता येतं, कारण बोट कुठल्या दिवशी कुठल्या बंदरात असेल ते कुणी सांगू शकत नाही, हे त्यांच्या सरकारला माहीत आहे. २००३ साली त्यांनी तसा कायदाच केला, आणि त्यात दर्यावर्दी माणसाचा वेगळा विचार केला. दुपारी ते परत आले, मला नूडल्स आणल्या होत्या. सेकंड कूकने सहज विचारलं, ‘तुमची कधी असते?’ मी सांगितलं, पुढच्या वर्षी, पण मी तेव्हा इथेच असेन. तो म्हणाला, ‘मग?’ त्या ‘मग’ला माझ्याकडे अजून उत्तर नाही. २०२५ च्या मे महिन्यात तर त्यांच्या परदेशस्थांना बहुतेक ठिकाणी इंटरनेटवरूनच मत देता आलं.

दुसरी गोष्ट घराजवळची. बार्देशातला माझा एक सोबती पोर्तुगीज नागरिक झालाय. १९६१ च्या १९ डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ती वाट आहे, आपल्याला ठाऊक असेलच. भारताचं नागरिकत्व गेलं, ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) राहतो, इथे मत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोन दगडांवर पाय ठेवता येत नाही. पण लिस्बनच्या संसदेची निवडणूक आली की त्याच्या गोव्यातल्या घरी टपालाने मतपत्रिका येते. २३० जागांच्या त्या संसदेत ४ जागा परदेशात राहणाऱ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. तो व्हरांड्यात बसून मत देतो, पाकीट चिकटवतो, पोस्टात टाकतो. म्हणजे ज्यांना आपण घालवलं त्यांची मतपत्रिका गोव्यात पोचते, आणि गोव्याची मतपत्रिका गोवेकरापर्यंत पोचत नाही.

इथे मला एक कबुलीही द्यायला हवी. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आपण वाचला असेल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा यासाठी ‘फूल’, वेगळा राहावा यासाठी ‘दोन पानं’. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आमचं घर मराठीचं, आजोबांनी फुलावर शिक्का मारला, आणि म्हातारपणापर्यंत त्यांना ते लागून राहिलं. तेव्हा विलीनीकरणाच्या विरोधातल्यांची मागणी होती की गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांनाही मत असावं. ती फेटाळली गेली. आजोबा सांगायचे, ‘बरं झालं. जे इथे राहत नाहीत त्यांचा काय संबंध?’ मीही तेच म्हणत मोठा झालो. आता मी बाहेर आहे. आजोबा असते तर या पत्रावर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे, आणि तरी लिहितोय. फरक एवढाच दाखवीन की मी इथे घरपट्टी भरतो आणि आल्यावर गावच्या शिगम्यात ढोल वाजवतो.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. ९ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेने परदेशस्थांना प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक मंजूर केलं होतं. राज्यसभेत ते पुढे सरकलं नाही आणि २०१९ ला लोकसभेबरोबर संपलं. खरं सांगू, मला त्याचं दुःख नाही. माझ्या वतीने दुसऱ्याने जाऊन बटण दाबायचं, हे गोव्यात चालायचं नाही. ७६ मतांच्या निकालात एका माणसाच्या खिशात चार जणांची मतं आली तर त्या खिशाचा भाव काय होईल याचा विचार करा. माझं मत बायकोलासुद्धा नको. ती तिचं देते, आणि कुणाला देते ते मला सांगत नाही.

मग २०२० च्या नोव्हेंबरात निवडणूक आयोगानेच आपल्या मंत्रालयाला लिहिलं, की सैनिकांसाठी जी इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका आहे ती परदेशस्थांनाही देता येईल, आमची तयारी आहे. ती पद्धत २०१६ पासून चालू आहे. मतपत्रिका ऑनलाइन येते, छापायची, खूण करायची, टपालाने परत पाठवायची. २०१९ च्या लोकसभेला १८ लाखांवर सेवा मतदार (सैनिक वगैरे) होते आणि १० लाखांवर मतपत्रिका परत आल्या. म्हणजे सियाचीनचं मत मोजता येतं. गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी मतदान केंद्र उघडतात, त्याचे फोटो आम्ही बोटीवर इतर देशांच्या लोकांना अभिमानाने दाखवतो. मग ते विचारतात आणि मी विषय बदलतो.

अडचणी मलाही दिसतात. आखातात ज्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे तो कामगार कुणासमोर जाऊन मत देणार, त्याच्यावर कोण दबाव आणणार, हे प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरं वकिलातींना विचारून शोधायला वेळ लागेल. पण तारवट्यांसाठी थांबायचं कारण दिसत नाही. प्रत्येक दर्यावर्दीकडे सीडीसी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीची सरकारी नोंदवही असते, इंडोस नंबर, म्हणजे दर्यावर्दीचा सरकारी ओळख क्रमांक असतो. मी कुठल्या तारखेला कुठल्या बोटीवर चढलो, कधी उतरलो याची नोंद सरकारकडे आहे. २०१५ साली आयकराच्या नियमांत भर घालून, तारवट्याचे परदेशातले दिवस सीडीसीवरच्या चढण्या-उतरण्याच्या तारखांवरून मोजायचे असं सरकारनेच ठरवलं. कर ठरवायला जी वही चालते ती मताला का चालू नये? सीडीसीधारकांना सेवा मतदारांसारखंच धरा. बोटीवर प्रिंटर असतो. कागदावर साक्षीची सही लागते, ती कॅप्टनला करायचा अधिकार द्या. तो बोटीवर जन्म आणि मृत्यूची नोंद करू शकतो, तर माझ्या सहीचीही करील. फक्त एक: परतीचं पाकीट मतमोजणीच्या सकाळी आठच्या आत पोचायला हवं हा नियम आमच्यावर घालणार असाल तर मतपत्रिका लवकर पाठवा. बंदरात आम्ही कधी सहा तास असतो, टपाल एजंटाच्या हाती द्यायचं असतं, आणि पुढचं बंदर बारा दिवसांवर असू शकतं. नाहीतर जवळच्या वकिलातीत पेटी ठेवा, तिथून ती आपल्या माणसांनीच पाठवावी.

९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस साजरा होतो. १९१५ साली त्या दिवशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परत आले म्हणून. त्या दिवशी आम्ही देशाला किती डॉलर पाठवतो ते भाषणांत येतं, आणि आकडा मोठाच असतो. पुढच्या वेळी भाषण लिहिणाऱ्याला सांगा, परदेशातून मत दिलेल्यांचा आकडाही त्याच परिच्छेदात घाला.

गोव्याची पुढची विधानसभा निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला आहे. माझा पुढचा कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचा, लांबला तर दहा. तारखा अजून ठरलेल्या नाहीत. बोटीच्याही नाहीत आणि मतदानाच्याही नाहीत.

या पत्राला उत्तर पाठवणार असाल तर घरच्या पत्त्यावर पाठवा. मी नसेन, पण बायको उघडेल आणि फोटो काढून मला पाठवील. कागद पोचायला काही अडचण येत नाही.

आपला,
साखळीचा एक तारवटी