मंत्रीसाहेब, लॅबच्या बेसिनमधून जाणाऱ्या निळ्या पाण्याचं काहीतरी करा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवतो. मानधनाचं लिहायला बसलो तर हे पत्र संपायचंच नाही, म्हणून ते राहू द्या.

विषय लॅबमधल्या रंगांचा आहे. मिथिलीन ब्ल्यू, क्रिस्टल व्हायोलेट, सॅफ्रॅनिन, मिथाइल ऑरेंज, हे सगळं केमिस्ट्रीला नाहीतर मायक्रोबायोलॉजीला लागतंच, आणि प्रॅक्टिकल संपलं की पोरं बीकर बेसिनमध्ये पालथं घालतात, नळ सोडतात, झालं. पुढं ते पाणी नालीत नाहीतर मागच्या शोषखड्ड्यात. आपल्याकडं खाली बेसाल्टचा काळा पाषाण, पाणी भेगांतून पळतं, नीट गाळून जात नाही, आणि बोअर पण त्याच आवारात!

गंमत बघा, मिथिलीन ब्ल्यू पाण्यातून कसा काढायचा यावर जगभर पेपरांचा ढीग पडलाय, आपल्याकडचे लोक पण लिहितात, पण पेपर छापून आला की उरलेलं सोल्युशन जातं कुठं? बेसिनमध्येच. आणि वर ग्रीन ऑडिटचं, म्हणजे कॉलेज पर्यावरण जपतं याचं, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं.

उपाय महाग नाही साहेब. तुरीच्या तुराट्या घ्या, बारीक कुटा, गरम पाण्यानं तांबूस रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवा, वाळवून रव्याच्या चाळणीनं चाळा. रंगाचं पाणी बादलीत साठवायचं, लिटरला चार-पाच ग्रॅम भुकटी टाकायची, तासभर अधूनमधून ढवळायचं आणि निवळू द्यायचं. मिथिलीन ब्ल्यू, क्रिस्टल व्हायोलेट यांच्यावर पाण्यात धन भार असतो अन् तुराटीच्या पृष्ठभागावर ऋण, म्हणून रंग तिथं चिकटतो. फक्त पाणी आम्लधर्मी नको, नाहीतर ती जागा हायड्रोजन आयन अडवून बसतात, म्हणून आधी पीएच पेपर लावून सातच्या आसपास आणायचं. रसवंतीचं चिपाड पण चालतं, पण नीट धुतलं नाही तर साखर राहते आणि आंबून लॅबभर वास सुटतो. कडब्याला मात्र हात लावू नका, तो जनावरांचा.

मिथाइल ऑरेंज, काँगो रेड उलट्या भाराचे, ते कच्च्या तुराटीला फारसे दाद देत नाहीत, त्यांना वेगळी बादली आणि अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे खास तयार केलेला सच्छिद्र कोळसा. डायक्रोमेट, पारा असलं विषारी काही यात ओतायचंच नाही.

आणि हेच पोरांचं प्रॅक्टिकल होऊ शकतं की! आज चारकोलवर ऑक्झॅलिक नाहीतर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घेऊन फ्रॉइंडलिचचा ग्राफ काढतो, म्हणजे पाण्यातलं किती अ‍ॅसिड चारकोलवर चिकटलं ते मोजतो, त्याऐवजी लॅबचंच टाकाऊ पाणी घ्या, रंग किती गडद ते मोजणारा कलरीमीटर मिथिलीन ब्ल्यूसाठी 660 नॅनोमीटरच्या आसपास लावा, आधीचं आणि नंतरचं रीडिंग घ्या, ग्राफ पण निघतो आणि बादली पण स्वच्छ होते. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना तेवढं सांगा.

खरी अडचण पुढं आहे आणि पेपरांत ती शेवटच्या ओळीत उरकतात. रंग नष्ट होत नाही, तो पाण्यातून निघून भुकटीवर बसतो एवढंच. ती निळी भुकटी कुणी झाडाच्या बुडाशी टाकेल, कुणी पेटवून देईल, आणि आम्लधर्मी पाणी लागलं तर रंग परत सुटू शकतो. ती वाळवून, पिशवीत भरून, नाव-तारीख लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मान्यतेच्या ठिकाणीच जायला पाहिजे. पण दोन किलो भुकटीसाठी आमच्या गावात गाडी कोण पाठवणार? म्हणून जिल्ह्याला एक कलेक्शन सेंटर द्या, एखाद्या मोठ्या सरकारी कॉलेजात चालेल, सगळ्यांनी सेशनच्या शेवटी तिथं नेऊन द्यायची. जीआर काढाल तर हे कलम आधी लिहा, बादल्यांचं नंतर.

आणि जमलं तर दिवाळीनंतर लगेच काढा. तुराट्या जानेवारी-फेब्रुवारीत बांधावर मिळतात, नंतर सगळ्या चुलीत जातात.

आपला,
एक तासिकावाला मास्तर