ताप लपवू नकोस

प्रिय रॉबी,

विमानतळावरून परत येताना तुझी आई गाडीत एक शब्द बोलली नाही. मांडीवर सुकेळीचा, वाळवलेल्या केळ्यांचा, डबा घेऊन बसली होती. वजन जास्त होतंय म्हणून तू ऐनवेळी बॅगेतून काढून मोनीच्या हातात दिलास, तोच डबा. मी तुझ्यावर चिडलो, पण राग सुकेळीचा नव्हता. आदल्या रात्री मीच नको ते बोलून बसलो होतो. "इथल्या धर्मग्रामांतली कामं संपली का, जपानच कशाला?" तू उत्तर दिलं नाहीस, बूट पुसत बसलास. माझं चुकलं.

खरं कारण तेव्हा सांगता आलं नाही. फादर म्हणून तुझ्या जपानच्या नेमणुकीचं पत्र वाचलं आणि मला आधी आठवली ती चर्चमधली तुझी पहिली कम्युनियन. अंगात १०३ ताप, आणि तू कुणाला कळू दिलं नाहीस. पांढरा शर्ट, हातात मेणबत्ती, आणि रांगेतच कोसळलास. पुढे न्यूमोनिया झाला. मी बोटीवर होतो. पुढच्या बंदरातून फोन लावला तेव्हा, आठ दिवसांनी, मला हे कळलं. ते आठ दिवस मी डेकवर हसत-खेळत फिरत होतो, हे अजून सहन होत नाही.

म्हणून सांगतो, ताप आला तर लपवू नकोस. एवढंच लिहायचं ठरवून बसलो होतो, पण जपान म्हटलं की मला नागासाकी दिसतं.

१९८९च्या फेब्रुवारीत आमची बोट तिथे दुरुस्तीला लागली होती. सुट्टीच्या दिवशी मी एकटाच निशिझाका टेकडीवर गेलो. स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. भिंतीवर तिथे श्रद्धेसाठी क्रुसावर मारलेल्या सव्वीस जणांचे ब्राँझचे पुतळे एका ओळीत आहेत, त्यात पोरंही. एक म्हातारी तिथे झाडत होती. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "गोन्सालो. इंडिया." तिने झाडू भिंतीला टेकवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि कमरेत वाकली. मलाही वाकावंसं वाटलं. मग मी पुतळ्यांचे पायच बघत राहिलो. बोटं खाली लोंबलेली, टाचांना टेकू नाही, जमीन नाही. गासच्या चर्चमध्ये लहानपणापासून ज्याच्या सणाला गेलो, तो आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया इथे येऊन मेला, हे मला तेव्हा खरं वाटलं.

बाप पोर्तुगीज, आई आपल्या वसईची. पोरवयात जेझुइट फादरांबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर झाला आणि १५९३ साली जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर दुभाषा म्हणून उभा राहिला. क्योटोत त्याच्या आणि सोबत्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापले, मग भर थंडीत सुमारे महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ला क्रुसावर दिलं. १८६२मध्ये तो संत झाला. हे सगळं तुला पाठ आहे, तूच ते प्रवचनात सांगितलंस. मला त्याच्या आईचं वाटतं. ती जिवंत असली तर तिला बातमी किती महिन्यांनी पोचली असेल? तोवर तिनेही त्याच्यासाठी काही वाळवून ठेवलं असेल.

तुझी भाषेची दोन वर्षं टोकियोत जातील. घाई करू नकोस. मोजे ओले राहू देऊ नकोस, रात्री उपाशी झोपू नकोस, आणि शंभरात एकही कॅथलिक नसलेल्या देशात पहिल्या वर्षी कुणी ऐकलं नाही म्हणून खचू नकोस. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी धर्मावर बंदी असताना २५० वर्षं पुरोहिताशिवाय श्रद्धा जपली, मारियेला कन्नोन या बौद्ध देवीच्या मूर्तीत दडवून. १७ मार्च १८६५ला उराकामी गावची अशी माणसं नागासाकीतल्या ओउराच्या चर्चमध्ये आली आणि तिथल्या फ्रेंच फादरला हळूच विचारलं, सांता मारियेची मूर्ती कुठे आहे? त्यांना जिवाची भीती होती, म्हणून त्यांनी लपवलं. तुला कसली भीती आहे? तुझ्या वरिष्ठांना सांग, सोबतच्या फादरांना सांग, ताप आहे म्हणून.

बघ, परत तिथेच आलो. माफ कर. तुझ्या गुरुदीक्षेच्या दिवशी तू माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिलास. त्या हातांना मी काय शिकवणार? बावखलाशी, आपल्या तळ्याशी, उभं राहून रडलो होतो त्या संध्याकाळी, आनंदाने. शकूमावशीने पाहिलं, पण बोलली नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या टेकडीवरून परतलो तेव्हा मला सडकून ताप भरला होता. तीन दिवस मी सेकंड मेटला कळू दिलं नाही, पगार कापतील म्हणून. घरी पत्र लिहिलं त्यात सगळं ठीक आहे असं लिहिलं. तुझ्या आईला मी ते अजून सांगितलेलं नाही. तू माझ्यावरच गेलास, रॉबी, आणि तेच मला खातंय. आज रात्री तिला सांगणार आहे.

मोनीने माझ्या फोनवर तिथली वेळ लावून दिली आहे. आमचे रात्रीचे नऊ म्हणजे तुझे साडेबारा, तेव्हा आम्ही फोन करणार नाही. तू मात्र अंग जरी तापलं तरी कितीही वाजता कर. फोन उशाशीच असतो.

तुझा,
पप्पा