दोन सेंटिमीटरची तक्रार

बारामती
दिनांक : ५ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पीएसएलव्ही-सी११ (प्रमाण १:१००) या किटमधील बूस्टरची चुकीची लांबी, वाकडे व गहाळ भाग आणि त्यावर आपल्याकडून आलेलं उत्तर.

महोदय,

मागच्या ऑक्टोबरात आपल्या संकेतस्थळावरून मी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी११ या रॉकेटच्या प्रतिकृतीचं, सुटे भाग जोडून बनवायचं प्लास्टिकचं किट ३,४५० रुपयांना मागवलं. त्यानंतर आपल्याला तीन ईमेल केले, दोनदा फोन केला. तिसऱ्या ईमेलला १९ डिसेंबरला जे उत्तर आलं, ते वाचल्यावर सगळं पहिल्यापासून कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवायचं ठरवलं. पत्र लांबलं आहे, पण कृपया पूर्ण वाचावं.

हे किट मी माझ्या वडिलांसाठी घेतलं होतं. अण्णा वालचंदनगरच्या कारखान्यात मशीन शॉपला होते, मोठ्या व्हर्टिकल बोअरिंग मशीनवर. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची मोटर केसिंगही तयार होतात, हे आपल्यालाही ठाऊक असेल. २.८ मीटर व्यासाचं, मॅरेजिंग स्टीलचं (फार मजबूत मिश्र पोलादाचं) ते आवरण. आम्ही लहान असताना अण्णा घरी येऊन कामाबद्दल फारसं बोलत नसत. पण १५ ऑक्टोबर १९९४ ला पीएसएलव्ही पहिल्यांदा यशस्वी झालं, तेव्हा त्यांनी कॉलनीत पेढे वाटले होते. त्याच्या आदल्या वर्षी, २० सप्टेंबर १९९३ ला पहिलं उड्डाण फसलं होतं, तेव्हा ते रात्री जेवले नव्हते. या दोन्ही गोष्टी माझ्या चांगल्या लक्षात आहेत.

डिसेंबरमध्ये अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला काय द्यावं, याचा विचार करताना आपल्या किटची जाहिरात दिसली. चंद्राकडे गेलेलं भारताचं पहिलं यान ज्या रॉकेटवर बसून गेलं ते रॉकेट, १:१०० प्रमाणात, हुबेहूब. 'हुबेहूब' हा शब्द आपल्या जाहिरातीतला आहे, खोक्यावरही आहे. यापेक्षा योग्य भेट मला सुचली नसती. ती मी स्वतः जोडून, रंगवून देणार होते. याआधी आपल्या कंपनीची चार किट मी जोडली आहेत आणि चारही माझ्या घरी काचेच्या कपाटात आहेत. वाफेच्या इंजिनाच्या किटबद्दल तर मी आपल्याला कौतुकाचं पत्र लिहिलं होतं. सवयीने तक्रारी करणारी ग्राहक मी नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आधी जे चांगलं आहे ते नोंदवते. उपग्रहाला झाकणारं वरचं उष्णतारोधक कवच सुंदर आहे. खऱ्या कवचाचा व्यास ३.२ मीटर, आपलं बरोबर ३२ मिलिमीटर भरलं, आणि नाकाची गोलाई पाहून अण्णासुद्धा "छान उतरलंय" म्हणाले. पहिला टप्पा पाच खंड जोडून बनतो, ते चार सांधेही आपण जागच्या जागी दाखवले आहेत. ज्याने हा साचा कोरला त्याने अभ्यास करून काम केलं आहे. म्हणूनच पुढचं पाहून जास्त वाईट वाटलं.

पहिला टप्पा दोन अर्ध्या नळ्या चिकटवून तयार करायचा आहे. त्यातली एक अर्धी नळी पीळ पडल्यासारखी वाकलेली आली. मी ती कोमट पाण्यात धरून सरळ करून पाहिली, रबरबँडने बांधून दोन दिवस ठेवली, मग प्लास्टिक सिमेंटने जोडली. तरी एका बाजूला फट राहिलीच. पुट्टी भरली, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, प्रायमर मारला. दिसायला बरं झालं. पण दुसरा टप्पा वर बसेना.

तेव्हा अण्णांना दाखवण्यावाचून इलाज राहिला नाही, भेट आधीच उघडी पडली तरी. त्यांनी कपाटातून व्हर्नियर काढलं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण ते अजून तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं असतं. नळीचा व्यास त्यांनी आडवा मोजला, मग नव्वद अंशात फिरवून उभा मोजला. एकीकडे २८.६ मिलिमीटर, दुसरीकडे २६.९. "ओव्हॅलिटी आहे," ते म्हणाले. १:१०० चं प्रमाण धरलं तर खऱ्या रॉकेटवर ही तफावत १७ सेंटिमीटरची होते. त्या दिवशी अण्णांनी मला प्रथमच नीट सांगितलं की २.८ मीटर व्यासाचं स्टील दहा अंशांनी तापलं तरी पाव मिलिमीटरहून अधिक फुगतं, म्हणून शेवटचं माप घेण्याआधी नग शॉपच्या तापमानाला येईपर्यंत ते थांबत असत. अशा माणसाच्या हातात मी ती नळी दिली होती.

तरीही नळीवर मी अडून बसले नसते. प्लास्टिक थंड होताना कधी वाकतं, एखाद्या खोक्यात असा नग येतो, हे मला कळतं. खरी तक्रार बूस्टरची, म्हणजे मुख्य रॉकेटला चिकटून जादा जोर देणाऱ्या छोट्या रॉकेटांची आहे.

सी११ हे पीएसएलव्हीच्या एक्सएल प्रकाराचं पहिलं उड्डाण. २२ ऑक्टोबर २००८, सकाळी ६ वाजून २२ मिनिटं, श्रीहरिकोटा. त्याआधीच्या नेहमीच्या पीएसएलव्हीला पहिल्या टप्प्याभोवती सहा बूस्टर असत आणि प्रत्येकात ९ टन घन इंधन असे. चांद्रयान-१ चं वजन १,३८० किलो होतं आणि ते फार लंबवर्तुळाकार कक्षेत सोडायचं होतं. तेवढा जोर आणण्यासाठी बूस्टर लांब केले गेले. प्रत्येकी १२ टन इंधन, लांबी १२ मीटर. एक्सएल म्हणजे हेच लांब बूस्टर. १:१०० च्या प्रतिकृतीत ते १२ सेंटिमीटर असायला हवेत. आपल्या खोक्यातले सहाही १० सेंटिमीटरचे आहेत. अण्णांनी प्रत्येक मोजला, दोनदा मोजला, आणि म्हणाले, "हे सी-अकरा नव्हे. हे जुनं पीएसएलव्ही आहे."

आपल्या यादीत जुन्या पीएसएलव्हीचंही एक किट आहे. ते माझ्या एका परिचितांकडे जोडलेलं आहे, म्हणून त्यांच्याकडे जाऊन मी त्याचे बूस्टर मोजले. तेच. तळाशी साच्याच्या खुणेचा बारीक आकडा असतो, तोही तोच. म्हणजे हा एखाद्या नगातला दोष नाही. जुन्याच साच्यातले बूस्टर नव्या खोक्यात घालून, वर चांद्रयानाचं चित्र छापून, ते सी११ म्हणून विकलं जातं आहे. खोक्यावरच्या चित्रात मात्र बूस्टर लांब आहेत. चित्र काढणाऱ्याला ठाऊक होतं.

दोन सेंटिमीटर म्हणजे खऱ्या रॉकेटचे दोन मीटर. प्रत्येक बूस्टरमागे तीन टन आणि सहांचे मिळून १८ टन इंधन. चांद्रयानासाठी जे मुद्दाम वाढवलं होतं, नेमकं तेच किटमधून गेलं आहे.

आता आपल्या उत्तराविषयी. त्यात लिहिलं आहे की हे शोभेचं उत्पादन आहे, मापांत पाच टक्क्यांपर्यंत फरक गृहीत धरावा, सुटे भाग दिले जात नाहीत, आणि सिमेंट लावलेलं किट परत घेता येत नाही. बाराच्या जागी दहा म्हणजे सोळा टक्क्यांहून अधिक फरक आहे, पाच नव्हे. सिमेंट मी पहिल्या टप्प्याला लावलं. बूस्टर, सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात त्या फ्रेममधून कापलेसुद्धा नव्हते. आणि शोभेचं म्हणाल, तर खोक्यावर १:१०० छापलं नसतं तर मी ते शोभेचं म्हणून मान्य केलं असतं. प्रमाण छापलं की ते वचन होतं. हे रॉकेट उडणार नाही हे मलाही समजतं. पण जे उडत नाही, त्याच्याकडून माप सोडून दुसरं काय अपेक्षित असतं? दाराच्या कोपऱ्यात ठेवायला रंगीत रॉकेट बाजारात दीडशे रुपयांत मिळतं. ३,४५० रुपये मी मापाचे दिले.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने मला विचारलं की हे कुणाच्या लक्षात येणार आहे. त्या मुलीवर माझा राग नाही, तिला जे सांगायला दिलं असेल ते तिने सांगितलं. पण हे वाक्य घरात अण्णांनी स्पीकरवर ऐकलं. ते काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले. ज्या माणसाने उभी हयात कुणी पाहणार नाही अशा कडा घासल्या, त्याला हे ऐकावं लागलं, याचं मला फार दुःख आहे. आपल्या किटची किंमत परत मिळाली तरी त्याची भरपाई होणार नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. पहिल्या टप्प्याला समोरासमोर चिकटून उभ्या दोन बारीक टाक्या असतात. भाग क्रमांक १४, दोन नग, असं आपल्या सूचनापत्रकात लिहिलं आहे. खोक्यात एकच निघाला. शिवाय पत्रकात त्यांना 'जादा इंधनाच्या टाक्या' म्हटलं आहे, ते चूक आहे. त्यांत इंधन नसतं. स्ट्राँशियम परक्लोरेटचं द्रावण असतं, आणि ते नॉझलच्या, म्हणजे ज्वाळा बाहेर पडते त्या तोंडाच्या आत एका बाजूने फवारलं की ज्वाळेचा झोत किंचित वळतो व रॉकेटची दिशा राखली जाते. घन इंधनाचं एवढं मोठं नॉझल वळवण्याऐवजी झोतच वळवायचा, ही त्या रॉकेटमधली एक देखणी युक्ती आहे. आपली किट शाळांच्या प्रदर्शनांत जातात, मुलं ते पत्रक वाचून फलक लिहितात. त्यांच्यासाठी तरी हे दुरुस्त करावं. दुसरं, डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं-अक्षरं, पाण्यात घालताच त्यांचे तुकडे झाले. तिरंगा कसाबसा वाचला, अक्षरं गेली.

कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. छोटे बूस्टर लावावेत की नाही, यावर आदल्या रात्री आमचं बोलणं झालं. पाहुण्यांना काय कळणार, लावून टाकू, असं घरातले बाकीचे म्हणाले. अण्णा नको म्हणाले. "बूस्टर नसलेलं पीएसएलव्हीही उडालंय. चुकीचे लावण्यापेक्षा ते बरं." ते खरंच आहे. २३ एप्रिल २००७ ला पीएसएलव्ही-सी८ एकही बूस्टर न लावता गेलं आणि त्याने इटलीचा उपग्रह कक्षेत सोडला. त्यामुळे सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर जे उभं होतं ते चांद्रयानाचं रॉकेट नव्हतं. मी खाली पाटीही लावली नाही.

माझी मागणी अशी आहे. मला पैसे परत नकोत. १२ सेंटिमीटर लांबीचे सहा बूस्टर, पहिल्या टप्प्याच्या दोन सरळ अर्ध्या नळ्या, क्रमांक १४ चा राहिलेला एक भाग आणि नवा डेकल कागद एवढं पाठवावं. लांब बूस्टरचा साचा आपल्याकडे नसेल तर तो करावा, आणि होईपर्यंत हे किट सी११ किंवा एक्सएल या नावाने विकू नये. ज्यांनी आजवर ते घेतलं त्यांना आपण होऊन कळवावं. बूस्टरच्या साच्यासाठी मोजमापं हवी असतील तर अण्णांनी ग्राफपेपरवर एक आरेखन केलं आहे, ते सोबत ठेवलं आहे. प्रत्येक मापाशेजारी त्यांनी चालेल एवढा फरकही लिहिला आहे, अधिक-उणे अर्धा मिलिमीटर. आपल्या यंत्राला ते जमेल असं त्यांचं मत आहे. यासाठी कसलाही मोबदला त्यांना नको आहे.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ती तक्रार मी राहते त्या जिल्ह्यात करता येते आणि एवढ्या किमतीला शुल्क लागत नाही. पण तिथे जावं लागू नये, अशी मनापासून इच्छा आहे. आपलं कवच ज्याने कोरलं त्याच्यापर्यंत हे पत्र पोचलं तर तो बूस्टरही करील, असं मला वाटतं.

आपले सहा बूस्टर, फ्रेमसकट, या पाकिटात परत पाठवत आहे. मोजून पाहावेत.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, आपल्या उत्तराची प्रत, व्हर्नियर लावून काढलेले सात फोटो, बूस्टरचं आरेखन, बूस्टर सहा नग.