पेणच्या आखणीवाल्या काकूंना

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

माझ्या रणगाड्याच्या छोट्या मॉडेलमधला तो ‘भूत बघितलेला’ माणूस एकदाचा माणसात आला. परवा रात्री त्याच्या टोपीच्या कडेखाली शेवटची सावली दिली, ब्रश धुतला, दिवा मालवला. सकाळी चहाचा कप घेऊन टेबलाशी गेलो तर स्वारी टरेटमधून, म्हणजे रणगाड्याच्या फिरत्या बुरुजातून, अर्धी बाहेर येऊन उजवीकडे, लांब कुठंतरी बघत होती. मी बराच वेळ उभाच राहिलो. चहावर साय धरली.

‘माझं नावबिव कुठं टाकू नको’ असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नुसतं ‘काकू’. पैसे तुम्ही घेतले नाहीत, उलट मलाच पोह्याचे पापड बांधून दिलेत. मग आभार चारचौघांत मानावेत, एवढंच माझ्या हातात उरलं. सूनबाई हे वाचून दाखवतील आणि तुम्ही हातातलं काम न थांबवता ऐकाल, हे मी धरूनच चाललो आहे.

तुमच्या गणपतीच्या कारखान्यात मी आलो होतो तो आमचा पाट द्यायला. जुलैचा दुसरा रविवार, बाहेर धो धो पाऊस. आत ओळीनं तीस-चाळीस मूर्ती, सोंडेपासून पितांबरापर्यंत रंगून तयार, फक्त डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. तुम्ही त्यातल्या एकीसमोर बसून भुवई ओढत होता. एकच ओढ, मध्ये कुठं थांबणं नाही. सुरुवातीला केसाएवढी, मध्ये भरलेली, शेवटी पुन्हा केसाएवढी. मी तुमचा ब्रश बघितला आणि चाट पडलो, कारण तो माझ्या घरच्या सगळ्या ब्रशांपेक्षा जाड होता.

तेव्हाच धीर करून फोनमधला माझ्या त्या छोट्या माणसाचा फोटो तुमच्यापुढे धरला. तुम्ही चष्मा कपाळावर नेलात, डोळे बारीक केलेत आणि म्हणालात, “हा असा डोळे फाडून काय बघतोय? भूत दिसलं काय याला?” अख्खा कारखाना हसला. मीही हसलो, पण पोटात गोळा आला होता, कारण त्या चेहऱ्यावर माझे अकरा रविवार गेले होते.

मी काय करत होतो ते त्या गडबडीत नीट सांगता आलं नाही, आता सांगतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात मुलीला घेऊन गेलो होतो, तिथं सेंच्युरियन रणगाड्याशी ती बराच वेळ रेंगाळली. याच जातीचे रणगाडे घेऊन १९६५च्या सप्टेंबरात पूना हॉर्स ही रेजिमेंट सियालकोट भागात फिलोराच्या लढाईत उतरली होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर थोड्याच दिवसांत त्याच भागात, चाविंडाच्या लढाईत पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. रेजिमेंट १८१७ची, आणि नावातच पुणं. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, आपण तो करूया. ती चार दिवसांनी विसरली. मी नाही विसरलो.

मॉडेल आहे एकास पस्तीस मापाचं. हे माप कुठून आलं, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीनं पँथर रणगाड्याचं चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात म्हणून ते तेवढं मोठं केलं, मागाहून मोजलं तर पस्तिसावा भाग भरला, आणि जगभर तेच रूढ झालं. या मापात खांबासारखा उभा माणूस होतो पाच सेंटिमीटरचा. त्याचं बुबुळ मिलिमीटरचा एक तृतीयांश. तुमच्या दीड फुटी गणपतीचं बुबुळ माझ्या माणसाच्या डोक्यापेक्षा मोठं.

आता माझ्या चुका. तुमच्यासमोर अर्ध्याच कबूल केल्या होत्या.

पहिली चूक ब्रशांची. बारीक काम म्हणजे बारीक ब्रश, हे मी गृहीतच धरलं होतं. ऑनलाइन नऊ ब्रशांचा संच मागवला, त्यात तीन शून्य, पाच शून्य, शेवटचा तर दहा शून्यांचा; शून्यं जितकी जास्त तितका ब्रश बारीक. डबीत सगळे सुईसारखे दिसत होते. तिसऱ्या दिवशी निम्म्यांची टोकं हुकासारखी वळली, उरलेल्यांना दोन दोन शेंड्या फुटल्या. मी माझ्या हाताला दोष देत बसलो. तुम्ही तो दहा शून्यांचा ब्रश उलटसुलट करून पाहिलात आणि एवढंच विचारलंत, “याला पोट कुठाय?”

पोट! तोवर माझं लक्ष फक्त टोकाकडे. रंग राहतो पोटात आणि उतरतो टोकातून. ज्या ब्रशात दहा-बारा केस, त्यात रंगाचा थेंब राहणार केवढा? बाटलीपासून चेहऱ्यापर्यंत येईस्तोवर तो टोकावर सुकतो, मग आपण दाबतो, आणि रेघेच्या जागी खरवड उमटते. तुमचा तो जाडा दिसणारा एक नंबर पोटात रंग घेऊन बसतो आणि टोकातून एकाच केसाची रेघ सोडतो. बाजारात ब्रश कसा बघायचा तेही तुम्हीच सांगितलंत. नव्या ब्रशाला टोक धरून राहावं म्हणून खळ लावलेली असते, त्यामुळे दुकानात सगळेच शहाणे दिसतात. दुकानदाराकडे भांडंभर पाणी मागायचं, ब्रश बुडवून खळ घालवायची, मनगटानं एक झटका द्यायचा. केस आपणहून एका टोकाला आले तर घ्यायचा, दोन शेंड्या झाल्या तर ठेवून द्यायचा. मी हे पनवेलच्या दुकानात केलं. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण पाणी दिलं त्यांनी. अकरा ब्रश झटकले तेव्हा दोन मिळाले, एक शून्य नंबर आणि एक एक नंबर. दोन्ही साधे सिंथेटिक.

पुढे हौसेनं एक कोलिन्स्की सेबलही घेतला. सायबेरियातल्या विझल नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीचे केस असतात ते. व्हिक्टोरिया राणीनं १८६६ साली विन्सर अँड न्यूटनकडून अशा केसांचे ब्रश करवून घेतले, तिच्या आवडीच्या सात नंबरात. तीच ती सिरीज सेव्हन, अजून निघते. माझा काही राणीच्या तोलाचा नाही. तरी ओला झाल्यावर त्याचं टोक असं मिटतं की बघत राहावं. मुंगसाच्या केसांच्या ब्रशाबद्दल मी विचारलं तेव्हा तुम्ही पटकन ‘ते नको’ म्हणालात. बरोबरच होतं. मुंगसाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या केसांचे ब्रश विकणं गुन्हा आहे. आणि ब्रशाच्या पायी मुंगसं मारावीत एवढं मोठं माझं काम नाही.

दुसरी चूक रंगाची. मी वापरत होतो तो अल्कोहोलच्या अंगाचा ॲक्रिलिक. स्प्रेगननं तो सुरेख बसतो, रणगाड्याच्या अंगावर मी तोच मारला. ब्रशनं मात्र जीव काढतो. पहिला हात सुकतो न सुकतो तोच दुसरा फिरवला की खालचा उचलला जातो, गालावर खपल्या. तुम्हाला बाटलीवरचं नाव वाचायचं नव्हतं, तुम्ही झाकण उघडून वास घेतलात आणि म्हणालात, “हा तोंडाला नको. पाण्याचा आण.” मग व्हॅलेहोचे पाण्यात कालवायचे रंग आणले, ड्रॉपरच्या बाटलीतले. तेही मी बाटलीतून थेट लावत होतो, घट्ट. तुम्ही पाणी घालत गेलात, घालत गेलात, पातळ ताकासारखं झाल्यावर थांबलात, अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून दाखवलीत. नखावर रेघ पसरली तर पाणी जास्त, अडखळली तर कमी. नंतर ब्रश फडक्याला एकदा टेकवायचा. ते टेकवणं मी दहा वर्षांत कधी केलं नव्हतं. भरल्या ब्रशानं थेट चेहरा गाठायचो आणि रंग नाकपुडीत तळं करून बसायचा.

तिसरी गोष्ट चूक म्हणावी की नाही, मला कळत नाही. माझ्याकडे ‘फ्लेश’ लिहिलेली बाटली होती. मांस, कातडी, जे काय असेल ते, पण ते कुणाचं, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आतला रंग उकडलेल्या कोळंबीसारखा गुलाबी. माझा राजपूत किंवा जाट ट्रूप कमांडर, म्हणजे तीन-चार रणगाड्यांचा म्होरक्या, सप्टेंबरच्या उन्हात, आणि रंग लंडनच्या धुक्यातला! तुम्ही ती बाटली बाजूला सारलीत. पिवळी माती, भाजलेली तांबूस माती, आणि ब्रशाच्या टोकावर येईल एवढीच निळी. निळी बघून मी दचकलो होतो. “सावलीत निळं असतं, हात बघ तुझा,” म्हणालात. मी माझा हात बघितला. खरंच असतं.

आणि डोळे. इथं तुम्हीही पहिल्यांदा फसलात, हे लिहू ना? माझं डोक्याला बांधायचं भिंग लावून तुम्ही पांढरा भरलात, वर काळा ठिपका ठेवलात, आणि भूत परत आलं. आपण दोघं एकमेकांकडे बघत बसलो. बाजूचा पोरगा म्हणाला, “काकू, तुमचंही?” तुम्ही काही बोलला नाहीत. ओल्या ब्रशानं सगळं पुसलंत, उठलात, चूळ भरून आलात. मग काळा आणि पांढरा दोन्ही दूर ठेवून, मूर्तीच्या बोटांच्या बेचक्यांत भरता तो तपकिरी घेतलात. आधी खोबणीत तपकिरी. त्यावर पांढरा नाही, मळकट दुधी, तोही कडांना तपकिरी ठेवून. बुबुळ म्हणजे ठिपका नव्हेच, वरच्या पापणीला चिकटलेली छोटी उभी रेघ. दोन्ही डोळ्यांत ती एकाच बाजूला सरकवलेली. आणि वर पापणीची गडद रेघ, खाली काहीच नाही.

तो बघायला लागला.

करंगळी कशी टेकवायची हेही तेव्हाच दाखवलंत. दोन्ही कोपरं मांडीवर, उजवी करंगळी डाव्या मनगटावर, म्हणजे थरथरले तर दोन्ही हात एकत्र थरथरतात. श्वास सोडत रेघ ओढायची, रोखून नाही. मी आयुष्यभर रोखूनच ओढत आलो. त्यानंतरच्या दोन रविवारी मी पनवेलहून एसटीनं येत राहिलो, तुमच्या ऐन घाईच्या दिवसांत, आणि तुम्ही एकदाही मला दारातून परत पाठवलं नाहीत. दर खेपेला कारखान्याच्या मालकांच्या कपाळावरची आठी मला दिसत होती. त्यांचेही आभार, आठीसकट.

एक अपघात सांगायचा राहिला. तुम्ही म्हणाला होता, पाऊस थांबल्याशिवाय वरचा हात मारू नको. मला कुठला धीर! ऑगस्टमधल्या एका ओल्या संध्याकाळी मॅट व्हार्निशचा डबा फवारला आणि सकाळी अख्ख्या रणगाड्यावर बुरशीसारखा पांढरा धूर. हवेतली ओल अडकते त्या थरात. त्या दिवशी तुम्हाला फोन केला नाही, लाज वाटली. गणपती गेल्यावर चांगलं ऊन पडलं, तेव्हा तकाकीच्या व्हार्निशचा पातळ हात दिला, बराचसा पांढरेपणा गेला. मग कोरड्या दुपारी पुन्हा मॅट. चाकांच्या आत अजून थोडा धूर आहे. तिथं चिखल लावणार आहे.

तुमचं एक मात्र ऐकलं नाही. डोळ्यात चमक ठेव, चमकेशिवाय जीव येत नाही, असं तुम्ही तीनदा सांगितलंत. ठेवून बघितली. पण या मापात तेवढा ठिपका म्हणजे खऱ्या माणसाच्या डोळ्यात वाटाण्याएवढा पांढरा डाग. रडल्यासारखा दिसायला लागला. मी पुसून टाकली. तुमच्या गणपतीला हवीच ती, त्याबद्दल वाद नाही. आमच्या घरी तुम्ही आखलेली मूर्ती दीड दिवस होती. विसर्जनाला निघताना मी पाट उचलला तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. मी जागा बदलली, तरीही. ही किमया कशी करता ते मात्र तुम्ही दाखवलं नाहीत, मीही विचारलं नाही.

तुम्ही दिलेल्या त्या एक नंबरच्या ब्रशाची काळजी घेतो आहे. रंग पत्र्याच्या नळीपर्यंत चढू देत नाही, काम झालं की साबणानं धुऊन, टोक बोटांनी मिटवून आडवा ठेवतो. केसांवर उभा एकदाही ठेवला नाही. टोक ओठांनी मिटवायची तुमची सवय मला लागू पाहत होती. बायकोनं पाहिलं आणि बाटलीवरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली. तुम्हीही सोडा ती सवय, काकू.

कमांडरच्या शेजारचं झाकण अजून उघडं आहे, त्यातून लोडरचं, म्हणजे तोफेत गोळा भरणाऱ्याचं, डोकं वर यायचंय. रंगून झालंय, डोळ्यांच्या जागी नुसतं तपकिरी. नवरात्र संपलं की येतो. या खेपेला रेघ मी ओढणार, तुम्ही फक्त बघा.

तुमचा,
रणगाडेवाला