कॅनडा की जर्मनी?

महोदय,

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीची बाग गहाण ठेवून पोराला परदेशी धाडायची तयारी होते आणि देश मात्र एजंट ठरवतो. माझा पुतण्या आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. एका एजंटाने ‘कॅनडाच’ म्हणत दोन लाख मागितले. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, हे आम्हाला नंतर कळले.

मग आम्हीच माहिती काढली. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री या कुशल कामगार निवडायच्या पद्धतीत वय, शिक्षण, अनुभव आणि इंग्रजीचे गुण मोजतात. तिशीपासून वयाचे गुण घटू लागतात. मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे जादा गुणही गेले. निवड झाली तर थेट कायम वास्तव्य मिळते, हे खरे. जर्मनीत आधी आपले प्रमाणपत्र तिथल्या पात्रतेशी ताडून घ्यावे लागते, भाषेसाठी घाम गाळावा लागतो. पण तिथे कुशल कामगाराला तीन वर्षे नोकरी, पेन्शनची वर्गणी आणि बी१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन या मुख्य अटींवर कायम वास्तव्य मागता येते. पुतण्याचे वय एकतीस, इंग्रजी कच्चे. त्याने जर्मन शिकायला घेतली आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी आयटीआयमध्ये संध्याकाळी जर्मनचे वर्ग सुरू करावेत, ही शासनाला कळकळीची विनंती.

– एक शेतकरी, ता. रावेर, जि. जळगाव