ओढ्याकाठची निर्गुडी राखा

महोदय,

पावसाळ्याआधी गावोगावचे ओढे साफ केले जातात आणि गाळाबरोबर काठावरची निर्गुडीची झुडपेही जेसीबीखाली जातात. आमच्या ओढ्याचे असेच झाले. उघडा पडलेला काठ पहिल्याच पावसात ढासळत शेताच्या बांधापर्यंत आला. मग आम्ही आषाढात निर्गुडीच्या हातभर फांद्या ओल्या मातीत खोचल्या. राखण करावी लागली नाही. उग्र वासामुळे गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. आज ती पुरुषभर उंच झाली आहे. सकाळी निळसर-जांभळ्या तुऱ्यांवर सातेरी मधमाश्यांची इतकी गर्दी असते की झुडूपच गुणगुणते आहे असे वाटते. याच माश्या पुढे आमच्या काकडी-कारल्याच्या वेलांवर येतात. यंदा दाट फांद्यांत वटवट्या पक्ष्याने घरटेही केले. (शेजारच्या आजी गुडघे शेकायला पाला नेतात, तो वेगळाच.)

ग्रामपंचायतींनी गाळ जरूर काढावा, पण काठाची झुडपे राखूनच. वृक्षारोपणात परदेशी गुलमोहराचे खड्डे खणण्यापेक्षा ओढ्याकाठी निर्गुडी लावावी. तिला ना रोपवाटिका लागते, ना कुंपण. आषाढ तोंडावर आला आहे.

– एक शेतकरी वाचक, जि. पुणे