ऐकायला कुणाला कमी येतं?

कॅप्टनसाहेब, सप्रेम नमस्कार.

ताज हॉटेलातले कॅप्टन एवढंच लिहिते, तुमचं नाव लिहीत नाही. "नाव नको मावशी, सगळी पोरं होती," असं तुम्हीच सांगितलंत. तुमच्या हाताखालची पोरं होतीच, आणि त्यांना वेगळे आशीर्वाद पोचले आहेत. पण तो पहिला प्रश्न तुमचा होता. पत्र चारचौघांत वाचता येईल असं लिहिते आहे, कारण ज्या येऊ शकल्या नाहीत त्यांनाही कळू दे की आमच्या मेळाव्याच्या दिवशी नक्की काय झालं. फोनवर सांगून त्यांना पटत नाही. ट्रंकवर उभा जन्म काढला तरी फोनवर सांगितलेलं कुणाला पटत नाही, हे एक विशेष.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमधल्या, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या ऑपरेटर. मी 1974 साली लागले तेव्हा खातं डाक-तारचं होतं, 1986 च्या एप्रिलपासून महानगर टेलिफोन निगम झालं. 180 फिरवून लोक कॉल बुक करायचे, आम्ही टिकीट फाडायचो आणि बसायचो लाइन मिळायची वाट बघत. बोलणं सुरू होऊन तीन मिनिटं झाली की मध्येच विचारायचं, वाढवायचा का? ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. लाइटनिंगला ऑर्डिनरीच्या आठपट पैसे, त्यामुळे तो बुक करणारा एक तर श्रीमंत असायचा नाही तर घाबरलेला. एसटीडी, म्हणजे परगावचा नंबर आपला आपण फिरवायची सोय, गावोगाव पोचलं तसं आमचं काम आटत गेलं, आणि आम्हीही एकेक करून निवृत्त झालो. आता उरलेल्यांचं सरासरी वय 74. एकमेकींना आम्ही अजून नंबरानेच हाक मारतो. नावं बदलली, आडनावं बदलली, नंबर बदलला नाही.

आमचा मेळावा दरवर्षी उपनगरातल्या एका हॉलमध्ये असतो. यंदा त्या हॉलवाल्यांनी सहा दिवस आधी कळवलं की तिथे साड्यांचा सेल लागतोय, तुम्ही पुढच्या महिन्यात बघा. आमच्या वयाला पुढचा महिना सांगू नये. पैसे परत दिले म्हणून त्यांच्यावर आणखी शाई खर्च करत नाही.

तेव्हा 27 नंबर म्हणाली, "पाच वर्षांची भिशी पडून आहे. ताजलाच करू या." आधी सगळ्या हसल्या. हसण्याचं कारण साधं होतं. ताजचा टेलिफोन बोर्ड आम्हाला पाठ होता. मी लागले तेव्हा त्यांचा नवा टॉवर नुकताच उभा राहिला होता आणि तिथल्या कॉलची टिकिटं बघता बघता वाढली होती. त्यांच्या ऑपरेटरचे आवाज आम्ही ओळखायचो, सर्दी झालेली ओळखायचो, नवीन मुलगी घाबरलेली ओळखायचो. आणि हॉटेल पाहिलं होतं ते बाहेरून. गावाकडचे पाहुणे आले की गेटवेला न्यायचं, ताज मागे येईल असा फोटो काढायचा, शेंगदाणे खायचे, घरी. उभी नोकरी त्या इमारतीशी बोललो, आत पाऊल टाकलं नव्हतं.

फोन मी केला. मनात धरलं होतं की सहा दिवसांवर कोण जागा देतो. तुम्ही तारीख ऐकलीत आणि म्हणालात, "रविवार दुपार, त्यात पितृपंधरवडा. मिळेल." पुढे तुम्हीच समजावून सांगितलंत: रविवारी कंपन्यांच्या मीटिंगा नसतात, पितृपक्षात लग्नं नसतात, त्यामुळे एरवी ज्या खोलीसाठी रांग लागते ती मोकळी असते. आमच्यातल्या दोघींनी पितृपक्ष म्हणून नाक मुरडलं होतं. त्यांना 27 नंबरने गप्प केलं: "गेलेल्यांचीच आठवण काढायला जमतोय ना आपण? मग याहून चांगला मुहूर्त कुठला?"

आणि मग तो प्रश्न. मी समजून चालले होते की तुम्ही विचाराल, किती माणसं, बजेट किती, व्हेज की नॉनव्हेज. ते सगळं विचारलंतच, पण नंतर. सगळ्यात आधी विचारलंत, "मॅडम, ऐकायला कुणाला कमी येतं का?"

मी क्षणभर गप्पच झाले. हा प्रश्न आम्हाला कुणी विचारत नाही. डॉक्टरही विचारत नाहीत, ते एकदम मोठ्याने बोलायलाच लागतात. खरं सांगायचं तर आमचा डावा कान सरकारी आहे. वर्षानुवर्षं त्यावर हेडसेट, त्यात खरखर, कडकड, पावसाळ्यात तर नुसता उकळता चहा. अर्ध्याअधिक जणींना त्या बाजूने नीट येत नाही, आणि एकही जण कबूल करत नाही. मी म्हटलं, "जवळजवळ सगळ्यांनाच." तुम्ही म्हणालात, "मग मला खोली वेगळी लावावी लागेल."

तुम्हाला हे कसं सुचलं ते मी त्या दिवशी निघताना विचारलं. तुमचे वडील परळच्या गिरणीत, साचेखात्यात. 1982 च्या संपात गिरणी सुटली, पण कान त्याआधीच गेले होते. "आमच्या खोलीत सगळे ओरडूनच बोलायचो मावशी. शेजारच्यांना वाटायचं रोज भांडण."

तुम्ही काय केलंत ते मी इथे सविस्तर लिहिणार आहे, कारण बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. हॉटेलात दहा जणांचं गोल टेबल लावायची पद्धत आहे म्हणे. तुम्ही सहाचं लावलंत. दहाच्या टेबलावर समोरची बाई लांब पडते, तिचे ओठ दिसत नाहीत, मग माणूस नुसती मान हलवत बसतो. मधले उंच फुलदाण्यांचे देखावे काढून बुटक्या वाट्यांत फुलं ठेवलीत. वाद्यसंगीत बंद. गालिच्याची खोली निवडलीत, संगमरवरी फरशीची नाही, कारण तिथे आवाज फिरतो. ट्रेवर कापड अंथरायला लावलंत म्हणजे कपबशांचा खणखणाट नको. एसीचा झोत जिथे घोंघावतो त्या कोपऱ्यात टेबलच ठेवलं नाही. आणि माइक! आमच्यावर सोडलं असतं तर खिडकीला पाठ करून बोलणारीला उभं केलं असतं, मागे समुद्र आणि गेटवे, फोटो झकास. तुम्ही तिला खिडकीकडे तोंड करून उभं केलंत. उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे, मागून आला तर तोंड काळं दिसतं आणि ओठ वाचता येत नाहीत. फोटो जरा फिके आले आहेत. ऐकू मात्र सगळं आलं.

हे सगळं तुम्ही एका कागदावर लिहून घेतलं होतंत. त्याला तुमच्यात फंक्शन प्रॉस्पेक्टस म्हणतात, हेही मला त्या दिवशी कळलं. त्यावर शेवटी तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सावकाश. वाकून बोलणे. डाव्या बाजूने नको.' तो कागद मी मागून घेतला. घडी घालून पासबुकात ठेवला आहे.

दिवस उजाडला तो लोकलचा मेगाब्लॉक घेऊन. डोंबिवली, ठाणे, मुलुंडच्या सगळ्या अडकल्या. सगळ्यात आधी पोचली ती समुद्रापलीकडची, मांडव्याहून लाँचने, नखशिखांत भिजून. तीनची वेळ, सव्वातीनला आम्ही एकोणीस. माझा जीव खाली-वर, कारण बुफेची वेळ ठरलेली असते आणि वडे गार झाले की पैसे पाण्यात. तुम्ही शांतपणे म्हणालात, "गरम अजून काढलेलंच नाही. आमची अर्धी पोरं त्याच गाडीने येतात, सकाळीच कळलं होतं."

दारातली गंमत तर वेगळीच. 2008 पासून तिथे सामान तपासतात, माणसं यंत्रातून जातात. आमच्यातल्या अकरा जणींचे गुडघे बदललेले. यंत्र जे वाजायला लागलं ते थांबेना. तिथली मुलगी प्रत्येकीला बाजूला घेऊन हसतमुखाने तपासत होती आणि आमची 112 नंबर तिला ऑपरेशनचा खर्च सांगत होती.

मग चूक माझी. मी चाळीसचा आकडा दिला होता, आल्या सेहेचाळीस. कुणी बहिणीला आणलं, कुणी सुनेला सोबत म्हणून. मी तुमच्याकडे आले तेव्हा चेहरा पडलेला असणार. तुम्ही म्हणालात, "सहा प्लेटी वाढवतो, बिलात येतील." बस्स. उपकार केल्यासारखं काही फुकट दिलं नाहीत, आणि कपाळाला आठीही नाही. बिलात सहा प्लेटी आल्या, अठरा टक्के जीएसटी आला, सगळं चोख. मला हे फार आवडलं. वय झालं की लोक एक तर लुबाडतात नाही तर दया करतात. तुम्ही आमच्याकडून हिशेबाने पैसे घेतलेत. एकूण आकडा मात्र लिहीत नाही. नातवाने विचारला, त्यालाही सांगितला नाही.

जुना जिना बघायला तुम्ही आम्हाला पाच-पाचच्या तुकड्यांनी नेलंत. तिथे मी माझं नेहमीचं पुराण लावलं, की ताज चुकून उलटा बांधला, तोंड समुद्राकडे हवं होतं ते शहराकडे झालं, आणि आर्किटेक्टने ते पाहून जीव दिला. चाळीस वर्षं पाहुण्यांना हेच ऐकवत आले. तुम्ही माझं पूर्ण होऊ दिलंत आणि मग हळूच सांगितलंत की उलटंबिलटं काही नाही. 1903 च्या डिसेंबरात हॉटेल उघडलं तेव्हा गेटवे नव्हताच, त्याचं बांधकाम 1924 साली पुरं झालं. घोडागाड्या शहराकडून यायच्या, म्हणून दार त्या बाजूला, आज पोहण्याचा तलाव आहे तिथे. समुद्राचा वारा खोल्यांना. आराखडा ज्यांनी केला ते सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य काम पुरं होण्याआधीच वारले आणि चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते तडीस नेलं. हे ऐकून आमच्यातल्या एका माहेरच्या वैद्यबाईंनी तिथल्या तिथे नातं जोडलं. मी मात्र चाळीस वर्षांच्या पाहुण्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

लॉबीत त्या रात्री गेलेल्यांचं स्मारक आहे. तिथे कुणी काही बोललं नाही. 26 नोव्हेंबर 2008 ला आम्ही आपापल्या घरी टीव्हीसमोर होतो. सगळं जग घुमटातून निघणारा धूर बघत होतं. आम्हा बायकांच्या डोक्यात एकच: बोर्डावर कोण असेल? पुढे वाचनात आलं की बाहेर काढलेले ऑपरेटर आपणहून परत जागेवर गेले आणि खोल्याखोल्यांत फोन लावून पाहुण्यांना सांगत राहिले, दार उघडू नका, दिवे बंद ठेवा. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. रडू आलं.

हे मी चहा पिताना तुमच्याजवळ सहज बोलून गेले. तुम्ही मान डोलावलीत आणि गेलात. वीस मिनिटांनी आलात ते एका पोरीला घेऊन. पंचविशीची असेल, गणवेशातली, जरा बावरलेली. म्हणालात, "ही आमच्या बोर्डावर असते. ड्यूटी संपली हिची, दहा मिनिटं थांबायला तयार आहे."

पोरीला आमच्यापुढे काय बोलावं कळेना. 27 नंबर म्हणाली, "बाळा, फोन उचलल्यावर म्हणतेस ते म्हण." तिने माइक हातात घेतला, खिडकीकडे तोंड केलं, आणि एका क्षणात तिचा आवाज बदलला. तो खास आवाज, जो ऑपरेटरच्या घरच्यांनीही कधी ऐकलेला नसतो. हॉटेलचं नाव, शुभ दुपार, मी आपली काय मदत करू. खोलीत टाचणी पडली तर ऐकू आली असती, आमच्यासारख्यांनासुद्धा.

आणि मागच्या टेबलावरून 63 नंबर, जी गेली दोन वर्षं फारसं काही ओळखत नाही, जिला तिची सून हाताला धरून घेऊन आली होती, ती ताठ बसून खणखणीत आवाजात म्हणाली, "ताज, दिल्ली ऑन द लाइन, स्पीक ऑन!"

त्यानंतर जो गोंधळ झाला तो तुम्ही पाहिलातच. त्या पोरीला सगळ्यांनी घेरलं. किती तास ड्यूटी, रात्रपाळीला घरी कोण सोडतं, कानाला जपतेस ना? ती दहा मिनिटांसाठी आली होती, पाऊण तास थांबली. शेवपुरीची बशी तिच्या हातात कुणी दिली कोण जाणे. ती प्लेट बिलात दिसली नाही, तेवढा एक घोटाळा तुमच्या हिशेबात आहे.

63 नंबर गाडीत बसल्यावर पुन्हा पहिल्यासारखी झाली, असं तिच्या सुनेने कळवलं. पण त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने फोन वाजला तेव्हा स्वतः उचलला. दोन वर्षांत पहिल्यांदा. पलीकडे बँकेची कर्ज विकणारी कुणी मुलगी होती. सासूबाईंनी तिला तीन मिनिटांनंतर विचारलं, "वाढवायचा का?"

तुमच्या वडिलांना आमचा नमस्कार सांगा. मोठ्याने सांगा.

आपली,
88 नंबर

ता. क. तुम्ही कुरिअरने पाठवलेली छत्री मिळाली. मांडव्याची म्हणते ती तिची नाही, तिची लाँचमध्येच राहिली असं तिला आता आठवतंय. ही चांगली लाकडी मुठीची आहे. आम्ही सेहेचाळीस जणींना विचारलं, कुणाचीच नाही. तेव्हा कुणाची घेऊन पाठवलीत ते बघा, परत पाठवते.